खालची ऊब

बिर्सेन : मावशी, मी भांडायला नाही आले वर. बॉयलर गेलाय, घर गारठलंय, एवढंच सांगतेय.

मुकद्देर : गेला तर मिस्त्रीला बोलव. मी काय मिस्त्री आहे? आणि दार ढकलू नकोस, गारठा आत शिरतो.

बिर्सेन : मिस्त्री येऊन गेला. त्यानं गॅसवाल्यांना बोलावलं आणि त्यांनी सील ठोकलं. जळलेला वायू बाहेर जायचा सोडून घरात येत होता म्हणे. “झोपेत असता तर उठला नसतात,” असं तोंडावर सांगितलं मला. इपेक कडेवर होती माझ्या.

मुकद्देर : अल्ला राखो! पण लोक घाबरवतात गं. नवा गळ्यात मारायचा असतो त्यांना.

बिर्सेन : गॅसवाले कशाला विकतील बॉयलर? म्हातारा झालाय तो, मावशी. दुरुस्ती होणार नाही. नवाच बसवावा लागेल.

मुकद्देर : मग बसवा.

बिर्सेन : आम्ही? घर तुमचं आहे. बॉयलर घरमालकानं बदलायचा. कायदाच आहे तसा.

मुकद्देर : कायदा! दोन वर्षं भाडं वाढवलं नाही तुमचं, तेव्हा नाही आठवला कायदा? अख्ख्या एर्झुरूममध्ये असं भाडं दाखव मला कुठे.

बिर्सेन : त्याबद्दल तुमचे उपकारच आहेत. पण पन्नास हजार लिरा सांगतायत. पाच महिन्यांचं भाडं झालं ते.

मुकद्देर : पन्नास! बॉयलरला की मोटारीला?

बिर्सेन : नळ्या बदलणं, बसवणं, सगळं धरून.

मुकद्देर : रात्रंदिवस खोल्याखोल्यांतले रेडिएटर तापवत ठेवलेत, म्हणून जळाला. पुढच्या खोलीतला तर कधी बंदच करत नव्हतात तुम्ही.

बिर्सेन : तुम्हीच तर विचारायचात जिन्यात भेटलात की, “पुढची खोली गरम ठेवता ना?” आणि तान्हं पोर आहे घरात, बंद कसा करणार?

मुकद्देर : मी आपलं सहज विचारायचे. माझ्या लेकाशी बोल, जेवदेतशी. घराचं सगळं तोच बघतो.

बिर्सेन : द्या नंबर. आत्ता लावते बुर्साला.

मुकद्देर : आत्ता नको! आत्ता तो कामावर असेल. काही नको त्याला सांगायला.

बिर्सेन : मग मी काय करू, सांगा ना! बाहेर उणे बावीस आहे. यावूझ विजेचा हीटर शोधत फिरतोय, दुकानांत शिल्लक नाहीत. पोरीला खोकला आहे. तो येईपर्यंत तिला तुमच्या खोलीत बसवते, मग बोलू.

मुकद्देर : माझ्याकडे नको. पसारा आहे.

बिर्सेन : पसारा?

मुकद्देर : शेजारी जा ना. हातिजेकडे.

बिर्सेन : हातिजे गावाला गेलीय. मावशी, तिचे हात बघा, बर्फ झालेत. तुम्हाला दया नाही का येत? बाजूला व्हा.

मुकद्देर : बिर्सेन! ऐक माझं! अगं, माझ्या घरात अशी घुसतेस काय...

बिर्सेन : मावशी...

मुकद्देर : झालं समाधान? बघ, बघून घे.

बिर्सेन : इथे तर आमच्यापेक्षा गार आहे. खिडकीवर आतून बर्फ धरलाय. तुमचे रेडिएटर का बंद आहेत?

मुकद्देर : काटकसर करते.

बिर्सेन : घरात कोट घालून? वर दोन शाली? तुमचा बॉयलर चालू करा बघू.

मुकद्देर : चालू व्हायला जिवंत हवा ना. दोन्ही एकाच दिवशी बसवले होते माझ्या नवऱ्यानं, हैरीनं, तो होता तेव्हा. वरचा आधी गेला, खालचा आज.

बिर्सेन : कधी गेला वरचा?

मुकद्देर : मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात.

बिर्सेन : दोन हिवाळे? अशा थंडीत माणूस जगेल कसा?

मुकद्देर : ये इकडे. ही गादी बघ. पलंग सोडून इथे जमिनीवर का घातलीय, सांग. हिच्याखाली काय आहे?

बिर्सेन : खाली... आमची पुढची खोली.

मुकद्देर : तुमचं छत ती माझी जमीन. रात्री पाठ टेकली की खालून ऊब यायची, अशी हळूहळू. कणीक फुगायची बघ माझी इथे ठेवली की. तुला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा मी नमाज पढून आभार मानले. तुझ्यासाठीसुद्धा मानले हो! पण मनात आलं, आता पोर येणार, आता हे रात्रीही बंद करणार नाहीत.

बिर्सेन : आणि भाडं म्हणून वाढवलं नाहीत?

मुकद्देर : वाढवलं असतं, तुम्ही गेला असतात, आणि एखादा सडा माणूस आला असता. दिवसभर बाहेर, रात्री पांघरूण ओढून झोपणारा. मग मी काय करायचं होतं? आज सकाळी जमिनीला हात लावला आणि गार लागली, तेव्हाच काळजात चर्र झालं. तू यायच्या आधीच कळलं होतं मला.

बिर्सेन : जेवदेतला का नाही सांगितलंत?

मुकद्देर : सांगितलं की तो येणार, घर विकणार आणि मला बुर्साला नेणार. सातवा मजला. सून वाईट नाही, पण तिच्या घरात भांडं उचलायचं तरी विचारून. मला या गल्लीतच मरायचंय.

बिर्सेन : मरणाचं नका बोलू. धरा, पोरीला घ्या जरा, कोटाच्या आत घ्या. यावूझची पावलं वाजली. यावूझ! वर ये, मुकद्देरमावशींकडे!

यावूझ : हीटर मिळाला! एकच उरला होता, दुकानदारानं दुप्पट... हे काय? तुम्ही इथे का गारठलायत?

बिर्सेन : मावशींचा बॉयलर दोन वर्षांपूर्वीच गेलाय. आपल्या उबेवर झोपत होत्या.

यावूझ : काय म्हणतेस? मावशी, खरं?

मुकद्देर : फुकटची होती म्हणून घेतली रे बाबा. तुमचा गॅस काही जास्त जळला नाही त्यानं.

यावूझ : मी हिशोब मागतोय का? ऐका. दुकानदार उद्या दुपारी खाली नवा बॉयलर बसवून देतो म्हणाला, हप्त्यांवर. हप्ते मी माझ्या कार्डावर घेतो. भाड्यातून अर्धं त्या हप्त्यांसाठी कापू, अर्धं तुमच्या हातात देऊ. जमेल?

बिर्सेन : यावूझ, आणि आपलं नवं घर? मे महिन्यात अनामत भरायची होती ना आपल्याला?

यावूझ : भरू पुढच्या वर्षी.

बिर्सेन : मागच्या वर्षीही हेच म्हणाला होतास. त्याच्याही मागच्या.

यावूझ : मग तू सांग. ही पोर आणि ही म्हातारी अशीच ठेवू?

मुकद्देर : माझ्यावरून नवराबायकोत भांडण नको. जा तुम्ही नव्या घरात. जा, खरंच जा.

बिर्सेन : तुम्ही गप्प बसा हो, मावशी. मी नाही म्हटलं का? जीव तुटतो म्हणून बोलले. घे हप्त्यांवर. पण खाली नवा बसला म्हणून यांनी पुन्हा जमिनीवर पडायचं, हे मला चालायचं नाही. वसंत लागेपर्यंत या खाली राहतील, इपेकच्या खोलीत.

मुकद्देर : भाडेकरूच्या घरी घरमालकीण? गल्ली हसेल.

यावूझ : हसू दे. हसल्यानं अंगात ऊब येते.

बिर्सेन : आणि माझी एक अट आहे. जेवदेतला तुम्ही स्वतः सांगायचं. आज. उद्या तुम्हाला काही झालं असतं तर तो आयुष्यभर खालच्या मजल्याकडे बघून काय म्हणाला असता?

मुकद्देर : घर विकेल तो.

बिर्सेन : घर तुमच्या नावावर आहे. तुमच्या सहीशिवाय कसं विकेल? लेकाला भिता, मावशी?

मुकद्देर : लेकाला नाही भीत. तो रडेल, त्याला भिते.

यावूझ : बोला. आम्ही गाद्या खाली नेतो तोवर.

मुकद्देर : नको, थांबा इथेच. पोर राहू दे माझ्याजवळ. लाव नंबर, मला ते आकडे दिसत नाहीत.

(बिर्सेन नंबर लावून फोन तिच्या कानाशी धरते.)

मुकद्देर : जेवदेत? मी... हो, जेवले. हो, औषध घेतलं. नाही रे, आवाज ठीक आहे. ऐक. ऐक ना. जेवदेत, मला थंडी वाजते रे.