म्हाताऱ्या अस्वलाच्या आधी

नातवासाठी कार्टूनच्या सिनेमाच्या रांगेत उभी होते. मनात रोजचं नामस्मरण चालू होतं, पण कान पुढच्या दोघांकडे गेले. एक बाबा आणि त्यांची चौदा-पंधरा वर्षांची लेक.

"बाबा, हा रुमाल घ्या. म्हातारं अस्वल निरोप घेतं तेव्हा लागेल. मागच्या वेळी माझ्या ओढणीला नाक पुसलंत."

"सर्दी झाली होती मला!"

"दर सिनेमाला होते."

"थांब. अस्वलाचं तुला कसं ठाऊक? बघून आलीस?"

"परवा. मैत्रिणींनी ओढून नेलं."

"मग सांगायचंस की गं. आता तुझं बापाबरोबर कार्टून बघायचं वय राहिलं नाही, कळतं मला. चल, घरी जाऊ."

"रांग सोडू नका हो! मला परवा मजाच नाही आली."

"वाईट आहे?"

"छान आहे. पण शेजारी खुर्ची हलेपर्यंत हसणारं कुणी नव्हतं."

"बरं. म्हणजे... बरं झालं. पुढच्या महिन्यात सशांचा लागतोय म्हणे."

"तो आधी तुमच्याबरोबर. मैत्रिणींना सांगून टाकलंय."

"हसल्या असतील."

"नाही. आम्हालाही तुझ्या बाबांच्या शेजारी बसव म्हणाल्या."