वाघजाळीच्या वळणावरची धाकटी

ऐका. शेगडी जवळ ओढा, दार लोटा आणि मला मध्ये टोकू नका. ही आमच्या शेजारच्या भागूवहिनीची गोष्ट, अन् तिनंच सांगितलेली. आमच्या दोन घरांत एकच कुडाची भिंत. मी काही मुद्दाम कान लावत नाही बरं का! आता हसायला काय झालं गं?

तर त्या दिवशी वहिनी अंधार पडल्यावर घाटाकडे निघाली. एकटी. एका हातात कंदील, दुसऱ्यात भाकरीचं गाठोडं. मी आपली दारातच. विचारलं, "वहिनी, एवढ्या रात्री कुठं?"

"ह्यांना आणायला. आज शेवटची गाडी येऊन गेली. उद्यापास्नं त्यांना आणणार कोण?"

 अहो, 'ह्यांना' जाऊन एकतीस वर्षं झाली होती.

खालून बोगद्याचा रस्ता झाला आणि वरचा मार्ग बंद झाला, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण पहिल्या गाड्या तुम्ही नाही पाहिल्या. दोनच होत्या. थोरली आणि धाकटी. पुढं लांब नाक, मागं दार, सोळा माणसांची बैठक. थंडीत हँडल मारून मारून सुरू व्हायच्या. चढणीला झऱ्यापाशी थांबून पाणी प्यायच्या, म्हशीसारख्या! संध्याकाळची धाकटी आपल्या गावात मुक्कामी. ड्रायव्हर-कंडक्टरच्या भाकऱ्या घरोघरच्या पाळीनं.

वाघजाळीच्या वळणावर मोठी गाडी मावायचीच नाही. धाकटीसुद्धा एका दमात वळायची नाही. अर्धी वळली की मागं घ्यायची, दरीकडे. कंडक्टर उतरून मागच्या चाकाला दगड लावायचा, मग आत येऊन घंटीची दोरी ओढायचा. एक घंटी म्हणजे थांब. दोन म्हणजे चल. दोन झाल्या की इस्माइल ड्रायव्हर ब्रेक सोडायचा. गाडी वीतभर मागं येऊन दगडावर टेकायची, अन् मग पुढं उसळायची.

कंडक्टर अनाजी म्हणजे वहिनीचा नवरा. भारी गमत्या! बायकोला चारचौघांत हाक मारायचा, "ओ पॅसेंजर!" लग्नाला आठच महिने झालेले. एका संध्याकाळी ती माहेराहून धाकटीनं येत होती. दाट धुकं. अनाजी दगड घेऊन उतरला. अन् दगड लागायच्या आधीच दोन घंट्या झाल्या.

नुसती वीतभर मागं आली हो गाडी, अन् मागं उभा अनाजी दरीत. वीतभर.

इस्माइलनं मालकाला सांगितलं, "घंटीचा मला भास झाला. चूक माझी." नोकरी गेली. गावानं त्याची भाकरी बंद केली. तालुक्याला सायकली दुरुस्त करत करतच वारला बिचारा.

हां, तर वहिनी घाट चढतेय. चिटपाखरू नाही. झऱ्यापाशी पोचली तर मागून भोंगा. रबरी फुग्याचा! असा भोंगा आता कुठल्या गाडीला आहे का? नाही ना? वहिनी वळली. दोन मिणमिणते दिवे. लांब नाक. धाकटी! कधीच मोडीत गेलेली धाकटी येऊन उभी राहिली, आणि मागचं दार आपोआप उघडलं.

तुम्ही पळाला असता. मीही. वहिनी चढली.

आत सोळाच्या सोळा जागा भरलेल्या. सगळे खाली मान घालून. ती पुढं सरकली, तर वरची दोरी झुलत झुलत आली आणि अलगद तिच्या मुठीत बसली.

गाडी वळणावर आली. अर्धी वळली. मागं आली. थांबली.

आणि मग सुरू झालं! एक म्हातारी म्हणाली, "बाई, वाजव गं. उशीर झालाय." मागून दुसरा, "अंधार झालाय, वाजव." मग सगळेच. वाजव! वाजव! माना वर झाल्या, आणि वर चेहरेच नाहीत! दोरी तिची मूठ वर ओढायला लागली. तेवढ्यात बाहेरून अनाजीचा आवाज. अगदी त्याचाच! "भागीरथी! दगड लागला. दे दोन!"

वहिनीचा हात उठलाही होता. पण थांबला. का? अनाजीनं तिला उभ्या जन्मात नावानं हाक मारली नव्हती.

ती रडायलाच लागली. पुढं स्टेअरिंगवरच्या पाठीला म्हणाली, "इस्माइलभाऊ, त्या दिवशी दोन घंट्या मी दिल्या. धुक्यात हे उभे दिसले, मला वाटलं दगड लावून झालं. लोक घाई करत होते. मी दिल्या हो."

पाठ वळली नाही. आवाज आला, "माहीत आहे, वहिनी. आरशात दिसलं होतं मला."

एकतीस वर्षं, बरं का. त्यानं कुणाला सांगितलं नाही. अन् तिनंही.

वहिनीनं दोरी सोडली आणि उडी टाकली. मागच्या चाकाशी अनाजी वाकलेला. हातात तोच दगड, पण चाकाखाली काही सरकत नाही. तिनं आपल्या हातांनी दगड चाकाखाली सारला. त्यानं कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली. दारात चढला. तीही मागोमाग दांडीला धरून चढायला गेली, तर त्यानं आडवा हात घातला.

"ओ पॅसेंजर, जागा नाही. मागच्या गाडीनं या."

आणि त्यानं दोन घंट्या दिल्या. धाकटी दगडावर टेकली, उसळली, आणि समोरच्या धुक्यात गेली.

पहाटे आम्ही कंदील घेऊन पोचलो, तर वहिनी वळणावर बसलेली. पाठीशी दरी, हातभर सुद्धा लांब नाही. तळहात सोललेले. आणि तो दगड रस्त्याच्या मधोमध, मातीत रुतलेला.

तेव्हा रात्री त्या वाटेला जाऊ नका. लांब नाकाची लहान गाडी थांबली तर चढू नका. चढलातच, तर कुणी कितीही घाई करू दे, दोरीला हात लावू नका.

वहिनी? ती काय, आत्ताही बंद थांब्यावर बसली असेल. रोज दिवेलागणीला जाते. दोन गाठोडी घेऊन, एक अनाजीचं, एक इस्माइलचं. मी म्हणते, "वहिनी, घरी चला, गार पडलंय." तर म्हणते, "मागची गाडी आहे ना. कंडक्टरनं सांगितलंय."

मार्ग बंद झालाय, हे काय तिला ठाऊक नाही? मी आपली शेजारी बसते थोडा वेळ.