उलटी पट्टी

तुम्ही मला उतावळा म्हणता, ते खोटं नाही. आमचा दादा तळोद्याला सुतारकाम करायचा. भजनी मंडळाच्या तंबोऱ्याची दांडी अर्धी असतानाच तो तापाने गेला. त्याच्या तेराव्याला तोच तंबोरा वाजावा म्हणून ती दांडी मी पुरी करायला घेतली. सागाच्या तीन पट्ट्या सरसाने चिकटवायच्या होत्या. त्यांवर दादाने लाकडाच्या रेष्यांची दिशा दाखवायला पेन्सिलीने बाण काढले होते, कडेचे दोन वर, मधला खाली. मला वाटलं, तापात हात चुकला. मी मधली पट्टी फिरवली आणि तिन्हींचे रेषे एका दिशेला केले.

तेराव्याला मंडळाच्या आप्पांनी तार ताणली आणि दांडी वाकली.

"मधली पट्टी फिरवी का रे?"

"दादानं चुकून उलटी ठेवली होती."

"उलटी ऱ्हायनी म्हणजे ती बाकीन्या दोन्हीसले वाकू देत नही. ताप त्याले व्हता, पण डोकं तुन्हं फिरनं. सरस गरम पाणीमा सुटस. सोड, पुन्हा चिकटाड. आज आम्ही टाळवर भजन म्हणसूत."

दादा गेल्यापासून सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलत होते. रागावले ते एकटे आप्पाच. तेव्हा कुठे मला रडू आलं.