सासूबाईंनी टाकीत केलेलं निंदण

समुद्रापासून शेकडो कोस दूर, वणीत राहून समुद्र पाळतो म्हणलं की लोक माह्याकडे दयेनं पाह्यतात. पण माह्या सासूबाईंचं आयका.

माह्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत जिवंत पोवळी हायेत. एका दगडासंगं त्यात एक भुरा जीव आला, बोटाएवढा, फुलासारखा उमलणारा. तो बाजूच्या पोवळ्याले डंख मारून मारते. सासूबाई राजूरहून आल्या, टाकी पाह्यली आन म्हणाल्या, "जावईबापू, हे त तण हाय. माहा जनम निंदण्यात गेला."

मी ड्युटीवर गेलो, तवा त्यायनं चमच्यानं खरवडून दगड साफ केला.

पंधरवड्यात दगडावर, काचेवर, पंपावर, जिकडंतिकडं तेच. मी म्हणलं, "मामी, याचा नखाएवढा तुकडा राह्यला तरी त्यातून पुरा जीव होते."

सासूबाई खुर्ची ओढून टाकीपुढं बसल्या. चहा थंडा झाला. मंग हळूच म्हणाल्या, "माती नाही, मूळ नाही, आन तुकड्यातून अख्खा?"

पोवळी वाचवाची होती. मी इंजेक्शनच्या सुईनं एकेका भुऱ्या जीवाच्या तोंडात कालवलेला चुना सोडून त्याले मारत गेलो. शेवटच्यापाशी त्यायनं माहा हात धरला.

"हे राहू द्या."

"काहून?"

"बियाण्याले."

जनमभर तण उपटलेली बाई. खाऱ्या पाण्याच्या बरणीत ते एक घेऊन राजूरच्या ऑटोत बसली आन ऑटोवाल्याले म्हणे, "हळू चालव बापा, मांडीवर समुद्र हाय."