तेरावा प्रश्न

सौंसरच्या बसस्टँडवर नागपूर गाडीची वाट पाहणाऱ्या अपर्णा मास्तरणीच्या बाकावर दोघी बहिणी येऊन टेकल्या. डोक्याला रुमाल घट्ट बांधलेल्या थोरलीनं, मनकर्णानं, नवऱ्याला चहा आणायला पाठवलं.

"आज शेवटचं बोलावलं का, ताई?" धाकटीनं विचारलं.

"हो. गर्भाशयाच्या कॅन्सरवरच्या नव्या औषधाचा नागपूरच्या डॉक्टरायचा अभ्यास संपला. दवाखान्यातली पोरगी दर वेळी कागद घेऊन बसे आन् पुसे."

"काय पुसे?"

"झोप लागते का, किती दुखते, ओकारी किती वेळा झाली. मी सारं खरं सांगो. तेराव्या प्रश्नाचं तेवढं खोटं."

"तो कोणता?"

"नवरा जवळ बसते का? मी दर वेळी हो सांगो."

"काहून वो? भाऊजी तर दोन वर्षांपासून ओसरीत झोपून राहिले."

"तिच्या कागदावर तरी बसते ना तो जवळ."

"आज तरी खरं सांगशीन?"

"आजही होच सांगीन."

नवरा चहा घेऊन आला. अपर्णानं पर्स उचलली आणि मनकर्णाशेजारची आपली जागा सोडली.

"बसा ना, भाऊ."

"गाडी येऊनच राहिली," तो म्हणाला आणि उभाच राहिला.