आईनं परत पाठवलेली बाटली

वाइन कशासंगं घ्यावी, ते मला नका विचारू; आमच्या आईला विचारा. शेंद्र्याच्या कंपनीतला आमचा फ्रेंच साहेब करमाडला घरी जेवायला आला, तेव्हा अल्सास नावाच्या त्याच्या मुलखातली पांढरी वाइन घेऊन आला. मसालेदार जेवणासोबत हीच चालते, म्हणाला. खरंच, आईच्या मटणासंगं लई जमली. आम्ही दोघांनी बाटली संपवली.

सकाळी आईनं ती धुतली, घाण्यावरचं करडईचं तेल भरलं, बूच घट्ट बसवलं अन् माझ्या हातात दिली. "पाहुण्याचं भांडं रिकामं पाठवू नाय."

"आईनं दिलीय," एवढंच सांगून मी ती साहेबाच्या टेबलावर ठेवली अन् कामाला पळालो.

दुसऱ्या दिवशी साहेबानं मला हळूच बाजूला घेतलं. "तुझ्या आईची वाइन थंड करून प्यायलो. रंग सुंदर आहे, पण घशाखाली उतरत नाही. आईचा मान म्हणून ग्लास संपवला. तुमच्याकडे ती कशासोबत घेतात?"

मला हसू आवरंना. तिथूनच आईला फोन लावला. "साहेब विचारतोय, बाटलीतलं कशासंगं घ्यायचं?"

आई म्हणाली, "ठेच्यावर ओता म्हणावं. वाइनचं एवढं कळतं, अन् तेल कशासंगं खातात ते कळंना व्हय?"