उस्मानभाईंचा मांडीएवढा पाइप

खरं सांगतो, मोठ्या आवाजाच्या मोटारीवर माझा इश्वास न्हाई, अन् त्याला कारन आमचे मालक उस्मानभाई.

लढाईच्या सालात मी त्यांची नगर-जामखेड सर्व्हिस मोटार चालवायचो. रस्त्यानं लष्करी लॉऱ्या गरजत जायच्या, ते ऐकून भाईंना चेव चढला. मोटारीची धूर सोडायची बारीक नळी काढून त्यांनी विहिरीच्या पंपाचा मांडीएवढा पाइप बसवला.

म्या म्हनलं, "भाई, बारीक नळीतनं धूर जोरात सुटतो अन् मागचा धूर वढून नेतो. एवढ्या रुंद पाइपात तो रेंगाळंल, चढाला दम ऱ्हानार न्हाई."

"गप रे! शिंगणापुरात घराला दारं न्हाईत, त्यांचं काय अडलं?"

"दारं न्हाईत, पन भिंती हायेत की!"

ऐकतात कुठं! दुसऱ्या दिवशी नवरदेवासकट वऱ्हाड भरलं. सपाटीला मोटार वाघावानी गरजली. चढाला नुसतीच गरजली. मुहूर्त टळायला आला, तवा शेजारच्या रानातल्या म्हादबानं नांगराचे बैल सोडून मोटारीला जुपले अन् नवरदेव वर पोचवला.

मग रोजचंच झालं. लांबनं आवाज आला की म्हादबा बैल घिऊन चढाखाली हजर. शेवटी पाशिंजरं तोंडावर हसाया लागली, तवा भाईंनी मुकाट्यानं जुनी नळी बसवली.

त्या दिवशी भाई माझ्या शेजारी बसले अन् मोटार गुमान चढ चढून गेली. वर पोचतोय तोच मागनं म्हादबा बोंबलत पळत आला, "ओ भाई, आज हाळी न देताच चाललात व्हय? बैल कवाधरनं कान टवकारून उभे हायेत!"